छडी नाही, मग वर्ग आवरायचा कसा?

हा प्रश्न जूनमध्ये हमखास येतो. नवे अतिथी शिक्षक विचारतात, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत पालक विचारतात, कधी मुख्याध्यापकही हळूच विचारतात. "मारायचं नाही, बाहेर काढायचं नाही, नाव कमी करायचं नाही. मग पोरं ऐकणार कशाला?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली ते पाचवीच्या वर्गात जो दंगा होतो, त्यातला बराचसा ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी होतो. दारात चपला काढताना, दुधाच्या वेळी, तास बदलताना, जेवणानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत आणि शिक्षक ऑफिसात गेले की. आठवडाभर नुसतं बघत राहिलात तर तुमच्या शाळेतल्या या जागा तुमच्या तुम्हाला सापडतील. त्या नीट लावल्या की शिक्षेचा विषय क्वचितच निघतो. उरतात ती दोन-तीन मुलं. त्यांच्याबद्दल पुढे येईनच.

आधी कायद्याचं, कारण त्यावर अर्धवट माहिती फार फिरते. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. मोडलं तर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. कलम १६ प्रमाणे प्राथमिक, म्हणजे आठवीपर्यंतचं, शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७५ आहे. आपल्या ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. छडी ठेवून दिली म्हणजे झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण 'मानसिक छळ' हे शब्दही त्याच कलमात आहेत. चाळीस मुलांसमोर एखाद्याला 'ढ' म्हणणं, त्याच्या बापाच्या दारूचा उल्लेख करणं, त्याची वही उंच धरून वर्गाला हसवणं, हे सगळं त्यात येतं. आणि हातावरच्या वळापेक्षा हे जास्त दिवस टिकतं.

आता चपलांकडे येऊ. खानापूर तालुक्यातली किंवा बेळगावच्या पश्चिमेकडची कुठलीही मराठी शाळा जुलैमध्ये डोळ्यांसमोर आणा. व्हरांड्यात चिखलानं भरलेले चाळीस जोड, त्यात निम्मे एकाच दुकानातले, एकाच रंगाचे. मधल्या सुट्टीची घंटा होते आणि सगळी मुलं एकदम दारात येतात. एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायाखाली, तो ती ओढतो, तिसरा आपटतो. "सर, ह्यो ढकलूलालाय बघा!" "माझी चप्पल लपवलीया ओ टीचर!" चार मिनिटांत आठ तक्रारी. यात वाईट मूल एकही नाही. दार तीन फुटांचं आहे आणि मुलं चाळीस आहेत, एवढंच.

यावर उपाय असा. व्हरांड्याच्या भिंतीलगत तैलरंगानं चौकोन आखून घ्या, प्रत्येकी २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब. चाळीस मुलांना वीस-वीसच्या दोन ओळी लागतात, एक ओळ चार मीटरची होते. दोन ओळींत एक पाऊल मावेल एवढी जागा सोडा, नाहीतर मुलं पुढच्या चपलांवरूनच मागे जातील. प्रत्येक चौकोनात हजेरी क्रमांक लिहा. पहिलीच्या मुलांना आकडा ओळखता येत नाही, त्यांच्यासाठी पान, मासा, छत्री असं चित्र काढा. खडूनं आखलेलं पहिल्या पावसात धुऊन जातं, म्हणून रंगच वापरा. बाहेर पडायचं ते बसण्याच्या ओळीप्रमाणे. आधी भिंतीकडची ओळ, तिच्यातल्या शेवटच्या मुलानं चप्पल घातली की पुढची. पहिले चार दिवस दिवसातून दोनदा नुसता सराव घ्या, घाई नसताना. तिसऱ्या आठवड्यात हे मोडतं, कारण तोवर शिक्षकानं बघणं सोडलेलं असतं. म्हणून दर सोमवारी पहिल्या सुट्टीत दारात उभं राहायचं. दोन मिनिटं लागतात आणि पुढचा आठवडा सुरळीत जातो.

दुधाची गोष्ट तशीच. कर्नाटकातल्या शाळांत क्षीरभाग्य योजना २०१३ पासून चालू आहे, पावडरीचं गरम दूध, मुलामागे १५० मिलिलिटर. बहुतेक ठिकाणी मुलं पेले घेऊन पातेल्यापुढे रांग लावतात. साठ मुलांची रांग, पुढे गरम दूध, मागून रेटा. इथं दुसरं काय होणार? रांगच काढून टाका. मुलं ओळीनं बसू द्या, पेला समोर जमिनीवर, आणि दूध स्वयंपाक करणाऱ्या अक्कांनी किंवा शिक्षकांनी फिरून वाढायचं. गरम भांडं मुलाच्या हातात द्यायचं नाही, सातवीचा असला तरी. दुसऱ्या दिवशी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायची, नाहीतर शेवटच्या ओळीला रोज गार दूध मिळतं आणि कुरबुर तिथूनच सुरू होते.

जेवणात अंडं किंवा केळं असतं त्या दिवशी एक काळजी घ्या. अंडं खाणारे आणि केळं घेणारे यांच्या वेगळ्या पंगती करू नका. वाढायला ते सोपं जातं हे खरं, पण वर्गात त्याची नावं पडतात, चिडवाचिडवी होते आणि तिच्यामागे घरातली जात चालत येते. सगळे नेहमीच्या जागी बसतील, वाढणाऱ्याच्या ताटात दोन्ही असेल, मूल मागेल ते त्याला मिळेल. आणि शिक्षा म्हणून जेवण किंवा दूध अडवून ठेवणं, उशिरा देणं, हे कधीही नाही. दुपारचं जेवण हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

वर्ग शांत करायची खूण एकच ठेवा. टाळ्यांची असो, डफलीची असो, हात वर करण्याची असो. दोन लांब टाळ्या, तीन आखूड, मुलांनी तेच परत करायचं आणि हात मांडीवर. खूण झाल्यावर पाच-सात सेकंद थांबायचं. खरं काम या थांबण्याचं असतं आणि नेमकं तेच वगळलं जातं. निम्मा वर्ग गप्प झाला की शिक्षक बोलायला सुरुवात करतात. उरलेल्या निम्म्या मुलांना त्यातून कळतं की खुणेनंतरही बोललेलं चालतं. आठवड्यात खूण मरते, मग आवाज चढतो, मग पट्टी टेबलावर आपटते. तासाला पाच-सहा वेळांपेक्षा जास्त खूण लागत असेल तर गडबड मुलांत नाही, कामात आहे. दिलेलं काम फार लांबलंय, फार सोपं आहे किंवा कुणाला कळलेलंच नाही.

"गप्प बसा" या सूचनेत करायचं काय ते नसतं. "पाटी खाली, डोळे फळ्याकडे" यात असतं. एका वेळी एकच सूचना, सहा-सात शब्दांची. "वह्या काढा, तारीख घाला, समास सोडा आणि पान २४ वरची पहिली पाच गणितं उतरवून घ्या, झाल्यावर मला दाखवा" या वाक्यातलं दुसरीच्या मुलाला 'वह्या काढा' ऐकू येतं आणि 'दाखवा' ऐकू येतं. मधलं तो शेजाऱ्याला विचारतो. तुम्हाला ते बोलणं दिसतं. सूचना दिल्यावर एका मुलाला उभं करून विचारा, "काय करायचंय रे?" त्यानं आपल्या शब्दांत सांगितलं की सगळा वर्ग दुसऱ्यांदा ऐकतो.

आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे भाषा. मराठी शाळेत कन्नडचा तास असतो आणि तोच तास सगळ्यात दंग्याचा, अशी तक्रार कारदग्यापासून जांबोटीपर्यंत ऐकू येते. कन्नड शिकवणारे शिक्षक वर्गात येतात आणि म्हणतात, "केळी." म्हणजे ऐका. मराठी मुलाच्या कानावर पडतं ते केळ्यांचं नाव. दोघं-तिघं फिसकन हसतात. मग शिक्षक फळ्यावर बोट ठेवून म्हणतात, "बरे." म्हणजे लिही. मुलाला वाटतं सर 'बरं' म्हणाले, म्हणजे झालं, आता ठीक आहे. ते वही मिटतं. समोर उभ्या माणसाला दिसतं ते एवढंच की एक मूल आपल्याला हसलं आणि दुसऱ्यानं सांगूनही लिहिलं नाही. यात उद्धटपणा कुठेच नाही, पण शिक्षा याच ठिकाणी होते. घरी कन्नड बोलणारी दोन-चार मुलं वर्गात असतात, ती बरोबर वागतात, त्यामुळे बाकीची जास्तच हट्टी वाटू लागतात.

यावर पहिल्या पंधरा दिवसांत दहा आज्ञा खेळातून पक्क्या करून घ्याव्यात. बा (ये), कुंद्रू (बस), निल्लू (उभा राहा), केळी, बरे, ओदू (वाच), हेळू (सांग), तोरसू (दाखव), तेगी (उघड), मुच्चू (मीट). प्रत्येकीला हाताची एक खूण जोडा. बरे म्हणताना लिहिल्यासारखी बोटं, केळी म्हणताना कानामागे हात, तेगी-मुच्चूला वही उघडल्या-मिटल्यासारखे तळवे. रोज तासाच्या सुरुवातीला दोन मिनिटं 'सर म्हणतील ते करा' हा खेळ. हसायचं असेल तर केळीवर सगळ्यांनी मिळून एकदा मनसोक्त हसून घ्यावं, शिक्षकांनीसुद्धा. शब्दाची गंमत उघड झाली की ती चोरून हसायची राहत नाही. आणि मूल कन्नडच्या तासाला मराठीत बोललं किंवा मराठीच्या तासाला कन्नडमध्ये, तर त्यासाठी रागवायचं नाही. ते उत्तर देतंय, याला आधी दाद द्यावी.

'पाण्याला जाऊ?' ही साथ कशी पसरते हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. एक गेला की दहा हात वर. दोन लाकडी पट्ट्या रंगवा, एक मुलांसाठी, एक मुलींसाठी, दाराजवळच्या खिळ्यांना टांगा. पट्टी जागेवर असेल तर न विचारता न्यायची, परत आल्यावर टांगायची. पहिला आठवडा पट्टी सारखी हलत राहते, सगळ्यांना करून बघायचं असतं. तेवढा दम धरा, दुसऱ्या आठवड्यात ओसरतं. पहिली-दुसरीच्या मुलांना लघवीला अडवू नका. तिसरी-चौथीच्या मुली विचारायला लाजतात, पाय हलवत बसतात, कामात लक्ष नसतं, आणि आपण म्हणतो चुळबुळ फार करते. पट्टीमुळे त्यांचं विचारणंच वाचतं.

आता मॉनिटर. शिक्षक बाहेर गेले की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, ही पद्धत इतकी मुरलेली आहे की तिच्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. मला ती छडीइतकीच नको वाटते. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती आपण खडू देतो आणि त्याबरोबर सत्ता देतो. मग नाव पुसायचं तर पेन्सिल लागते, चिंच लागते, गृहपाठ लागतो. ज्याच्याशी कालचं भांडण आहे त्याचं नाव पहिलं. मित्राचं नाव कधीच नाही. शिक्षक परत येतात, नावं वाचतात, शिक्षा करतात. न्याय कसा होतो याचा मुलांना मिळालेला हा पहिला धडा असतो. मॉनिटर झालेल्या मुलाचंही यात नुकसानच, त्याला वर्गात मित्र राहत नाहीत.

त्यापेक्षा कामं वाटा. खडू-डस्टर, सतरंज्या, पाण्याचा माठ झाकणं, वाचनाच्या पेटीतली पुस्तकं मोजणं, आजची तारीख फळ्यावर लिहिणं, फुलझाडांना पाणी. दहा-बारा कामं सहज निघतात. दर सोमवारी बदलायची, हजेरी क्रमांकाप्रमाणे. क्रमांकाप्रमाणे यावर मी मुद्दाम जोर देते. झाडणं कोणाकडे, पाणी भरणं कोणाकडे, हे आपण 'सहज' ठरवू लागलो की ते गावातल्या गल्ल्यांप्रमाणे ठरतं. झाडू विशिष्ट वस्तीतल्या मुलांच्या हातात आणि पाण्याचा तांब्या दुसऱ्यांच्या. मुलींच्या वाट्याला केर, मुलांच्या वाट्याला घंटा. तक्त्यावर क्रमांक फिरत राहिला की कुणाला बोलायला जागा उरत नाही. संडास साफ करायला कोणत्याही मुलाला लावायचं नाही, शिक्षा म्हणून तर नाहीच नाही.

शिक्षक नसताना काय, हा प्रश्न उरतोच. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक. त्यातले एक बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, ऑफिसच्या बैठकीला गेले की पाच वर्ग एकाच्या गळ्यात. अशा दिवसासाठी एक पेटी आधीच भरून ठेवा. चित्रं बघून गोष्ट सांगायची कार्डं, शब्दांच्या पट्ट्या, शंभर चिंचोके आणि बेरजेची कार्डं, कागद आणि मेणखडू. ही पेटी एरवी उघडायची नाही. रोज उघडली की तिची नवलाई जाते आणि अडचणीच्या दिवशी ती अर्धा तासही पुरत नाही. मोठ्या वर्गातलं एकेक मूल लहानांच्या चार-पाच जणांच्या गटात बसवा, वाचून दाखवायला. राखण करायला म्हणून बसवलं तर पुन्हा मॉनिटरच तयार होतो.

आवाजाबद्दल थोडं. नली-कलीच्या, म्हणजे आनंदानं शिकण्याच्या पद्धतीच्या, वर्गात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र, पाच गटांत, आपापल्या पायरीचं कार्ड घेऊन बसतात. काही शिक्षकाजवळ, काही सोबत्याबरोबर, काही एकटी. तिथं गलका असणारच. दारातून बघणाऱ्याला तो दंगा वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे. मुलांचे डोळे कार्डावर, पाटीवर, एकमेकांच्या हातांवर असतील तर तो कामाचा आवाज आहे. डोळे दाराकडे आणि शिक्षकाकडे वळत असतील तर नाही.

वडगाव, शहापूर, खासबागकडच्या शाळांत काही मुलं सतत मोठ्यानं बोलतात. घरात यंत्रमाग असतात, माग चालू असताना आईला हाक ऐकू जायची तर ओरडावंच लागतं. त्या मुलाला 'ओरडू नको' म्हणून काही समजत नाही, त्याच्या लेखी ते ओरडतच नाही. त्याला आवाजाचे तीन माप दाखवा. कानातला, गटातला, मैदानावरचा. "आता गटातला" एवढं म्हटलं की पुरतं. आणि पाठीमागून हळू हाक मारून बघा. वळलं नाही तर कान तपासून घ्या.

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, जून ते सप्टेंबर मैदान नसतंच. खिडक्या बंद, वीज गेलेली, ओले कपडे, अंधारलेली खोली. मुलं दिवसभर कोंडलेली राहिली की दुपारी दोननंतर हात एकमेकांवर जातातच. अशा दिवसांत प्रत्येक तासाच्या मध्ये चार मिनिटं हालचाल ठेवा. जागेवर उभं राहून पाढ्यांना टाळ्या, खडा पास करण्याचा खेळ, कवितेवर पावलं. जिल्ह्यात जत्रेच्या दिवसांचंही असंच. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेहून किंवा गावच्या यात्रेतून परतलेली मुलं दोन-तीन रात्री झोपलेली नसतात. त्या सोमवारी चाचणी ठेवली तर निकालही वाईट आणि वागणंही.

मारामारी झाली तर क्रम असा ठेवा. आधी वेगळं करा, मधे उभं राहून, हात न ओढता. लागलंय का ते बघा, पाणी द्या. मग दोघांना एकमेकांकडे पाठ करून तीन-चार मिनिटं नुसतं बसू द्या. या वेळात काही विचारायचं नाही. रागानं धापा टाकणाऱ्या मुलाला विचारलेलं कळत नाही, ते फक्त आवाज ऐकतं. नंतर एकेकट्याला, वर्गापासून दूर. "का मारलंस?" असं विचारू नका, त्याचं उत्तर एकच असतं, "त्यानं आधी मारलं." विचारायचं ते "काय झालं?", "आधी काय झालं होतं?" आणि "आता काय केलं तर बरं होईल?" तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ उत्तर येत नाही, थांबा. मुलं सुचवतात ते बहुधा आपल्या शिक्षेपेक्षा बरं असतं. फाटलेलं पुस्तक चिकटवून देतो, त्याचं दप्तर धरतो, उद्या माझी पाळी त्याला देतो. वर्गापुढे उभं करून "सॉरी म्हण" म्हणायला लावलं की मूल शब्द म्हणतं आणि डोळ्यांनी "सुट्टीत भेट" असं सांगतं.

पेन्सिली चोरीला जाणं ही रोजची बाब. दप्तरं सगळ्यांसमोर तपासायची नाहीत. सापडलं तर एका मुलाला जन्माचं नाव पडतं, नाही सापडलं तर चाळीस जणांवर संशय. वर्गाच्या मालकीच्या दहा पेन्सिली, दोन शार्पनर, चार रबर एका डब्यात ठेवा. दहा बाहेर गेल्या, दहा आत आल्या, हे मोजणं एका मुलाचं काम. ज्याच्याकडे नाही त्यानं मागून घ्यायची. बऱ्याच 'चोऱ्या' निव्वळ पेन्सिल नसल्यानं झालेल्या असतात, त्या आठवड्याभरात थांबतात.

न चालणाऱ्या शिक्षांची यादी मोठी आहे, दोन-तीनच घेते. शंभर वेळा लिहून आण, यातून मुलाला लिहिण्याचा तिटकारा येतो. खेळाचा तास बंद, यातून ज्याला हालचालीची सर्वांत गरज तोच दुपारभर बसून राहतो आणि शेवटच्या तासाला फुटतो. सगळ्या वर्गाला शिक्षा, यातून नीट वागणारी मुलं तुमच्या बाजूनं राहत नाहीत. परिणाम द्यायचाच तर तो चुकीशी जोडलेला, छोटा, लगेच आणि त्याच दिवशी संपणारा हवा. पाणी सांडलं तर पुसायचं. दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेख नाही.

आता ती दोन-तीन मुलं. प्रत्येक वर्गात असतात आणि शिक्षकाची निम्मी शक्ती त्यांच्यावर जाते. त्यांच्यासाठी एक दोनशे पानी वही घ्या. पानावर पाच रकाने आखा. वेळ, जागा, त्याआधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. शाळेचे दहा दिवस फक्त नोंदी करायच्या. 'खोडकर', 'हट्टी' असे शब्द लिहायचे नाहीत, दिसलं तेवढंच लिहायचं. दहाव्या दिवशी पानं उलटून बघा.

तिसरीतलं एक मूल धरू. नोंदी सांगतात, सोमवारी ११.४० ला शेजाऱ्याला चिमटा, मंगळवारी ११.३५ ला कागदाचा बोळा, बुधवारी काही नाही, गुरुवारी ११.४५ ला बाकावर चढला. तिसरा रकाना पाहिला तर तिन्ही दिवशी पाळीनं मोठ्यानं वाचन चाललं होतं आणि वाचण्याची पाळी त्याच्या ओळीपर्यंत आली होती. बुधवारी गणित होतं. पाचवा रकाना सांगतो, तिन्ही दिवशी त्याला बाहेर उभं केलं. म्हणजे त्याला हवं तेच मिळालं, वाचायचं टळलं. बाहेर काढणं ही इथं शिक्षा राहिलीच नाही. अशा मुलाला पाळीच्या वाचनातून महिनाभर सोडा, रोज दहा मिनिटं एकट्याला पहिलीच्या पुस्तकापासून वाचायला बसवा, इतरांच्या नजरेआड. बाकावर चढणं आपोआप कमी होत जातं. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या पाचव्या रकान्यात 'शिक्षक जवळ आले' असं पुन्हा पुन्हा दिसेल. त्याला जवळ येणं हवंय, तर त्यानं काही करायच्या आधीच त्याच्याजवळ जा.

वहीत काही सापडलं नाही तर शरीराकडे बघा. नजर, कान, भूक, झोप. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा या मुलाचं नाव आधी सांगून ठेवा. मग घर. आपल्या भागात बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, घरटी नाही तरी गल्लीगणिक फौजी. वडील रजेवर आले की मूल आठ दिवस हवेत असतं आणि ते परत गेले की आठ दिवस कुणाचं ऐकत नाही. काहींचे वडील गोव्याला, काहींचे पुण्याला. निपाणीकडे आई तंबाखूच्या वखारीत, दिवस मावळता घरी. उसाच्या हंगामात तोडणीवाल्यांची मुलं दोन-चार महिने वर्गात येऊन बसतात, त्यांना ना आपले नियम माहीत ना आपली बोली. त्यांच्यासाठी जूनमधला सगळा सराव पुन्हा घ्यावा लागतो, एखाद्या बोलक्या मुलाच्या सोबतीनं.

अंगावर वळ, घरी जायची भीती, वयाला न शोभणारं बोलणं दिसलं तर मात्र वहीत अडकून पडू नका. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा, १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे.

पालकांना तक्रारीसाठी बोलावण्याआधी एकदा चांगलं सांगायला बोला. फोनवर एक मिनिट पुरतं. "आज त्यानं फुलझाडांना न सांगता पाणी घातलं." शाळेचा फोन म्हणजे भानगड, हे डोक्यातून गेलं की पुढचं बोलणं सोपं होतं. तक्रार सांगायची तर शेतावरून परतल्यावर, संध्याकाळी, इतर पालकांसमोर नाही. आणि पालक हमखास म्हणतात, "दोन ठेवून द्या ओ सर, आमचं काही म्हणणं नाही." त्यावर कायदा सांगत बसू नका. वहीतलं पान दाखवा. "साडेअकराला असं होतं, वाचन आलं की होतं. रात्री जेवल्यावर दहा मिनिटं त्याच्याकडून वाचून घ्याल का? चुकलं तरी टोकू नका." आणि निघताना स्पष्ट शब्दांत सांगा, "यावरून घरी मारू नका." न सांगितलं तर त्या रात्री मार बसतो आणि सकाळी ते मूल तुमच्यावरचा राग घेऊनच शाळेत येतं.

शेवटी शिक्षकाच्या हाताचं. तो उठतो तो बहुधा दुपारी अडीच-तीनला, घसा बसलेला असतो, दिवसातली पंचविसावी तक्रार समोर असते. त्या क्षणी काय करायचं हे सकाळीच ठरलेलं हवं. खडू खाली ठेवायचा, तीन पावलं मागे, दारापाशी, घोटभर पाणी. शेजारच्या वर्गाशी बोलून ठेवलेलं असेल तर त्या मुलाच्या हाती एक वही द्यायची. "ही बाईंना देऊन ये आणि त्या सांगतील ते करून ये." तिकडे त्याला दहा मिनिटं काहीतरी काम मिळतं, इकडे तुम्हाला श्वास. ही वही म्हणजे काय हे दोन्ही शिक्षकांना ठाऊक असतं, मुलाला नसतं.

आणि शाळा सुटताना दारात उभं राहा. चपला घालणाऱ्या ओळीकडे बघत, ज्याला आज बोललात त्याला त्याच्या नावानं हाक मारा, उद्याचं त्याचं काम सांगा. "उद्या तारीख तू लिहायची आहेस हं, दहाच्या आत ये."